पापाकुराहून आणलेलं पिस्तूल

“तुमची बायको रागावली की काय करते?”

हा प्रश्न माझ्या नवऱ्याला पोलिसांकडून आलेल्या बाईंनी विचारला, आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच कपातून चहा पिताना. मी तेव्हा मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. कपडे अजून ओले होते, पण त्यांना नवऱ्याशी एकट्याशी बोलायचं होतं म्हणून मला बाहेर पाठवलं होतं आणि बाहेर करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. खिडकी उघडी होती. वेलिंग्टनजवळच्या आमच्या लोअर हटला वारा नाही असा दिवस विरळाच, पण त्या दिवशी नेमका नव्हता, त्यामुळे शब्द न शब्द ऐकू येत होता.

नवरा विचार करायला लागला. तो निळ्या झाकणाचं दूध आणायचं की हिरव्या, याचाही विचार करतो.

“भांडी घासते,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे डिशवॉशर आहे आमच्याकडे. पण रागावली की हातानं घासते. जरा आवाज करून.”

“आणि तुम्ही तेव्हा काय करता?”

“मी लॉन कापायला जातो.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं असावं. मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला कधी धमकी दिली आहे?”

आता तो इतका वेळ गप्प बसला की माझ्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. हो किंवा नाही म्हणायला एवढा वेळ लागतो का माणसाला?

“एकदा,” तो म्हणाला. “ओला टॉवेल पुन्हा गादीवर दिसला तर मी पुण्याला निघून जाईन, असं म्हणाली होती.”

“मग गेल्या?”

“नाही. मी टॉवेल उचलायला लागलो.”

यावर मात्र बाई हसल्या. मी खोळ तोंडावर धरून लिंबाच्या झाडामागे जाऊन उभी राहिले, कारण मला हसू आवरेना, आणि पिस्तुलाचं लायसन्स मागणारी बाई अंगणात एकटीच हसताना दिसली तर ते काही बरं दिसलं नसतं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगायला हवं.

आमची मुलगी शिकायला डनीडनला गेली त्या वर्षी मला शनिवार मोकळे मिळाले. तोवर माझे शनिवार म्हणजे तिचं नेटबॉल, तिचं पोहणं, तिच्या मैत्रिणींचे वाढदिवस. ती गेल्यावर घर एकदम नीटनेटकं झालं आणि आमच्या दोघांच्या बोलण्याचे विषय संपले. या आठवड्यात लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा की पिवळ्या, यावर आम्ही दोघं शिकलेली माणसं दहा-दहा मिनिटं बोलत असू.

आमच्या समोरच्या घरात एक गोरी शेजारीण राहते. सत्तरीच्या पुढची, एकटी, पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेले. डेलियाची फुलं अशी वाढवते की रस्त्यानं जाणारी माणसं थांबतात. दर शनिवारी दुपारी ती गाडीत एक काळी पेटी ठेवून कुठेतरी जायची. मला वाटायचं व्हायोलिन असेल. एकदा विचारलं, तर म्हणाली, “नाही गं, पिस्तूल. आमचा क्लब आहे. येतेस का बघायला?”

तिला काय माहीत तिनं कुणाला विचारलं ते. मी कॉलेजात एनसीसीत होते. पुण्याला रविवारी सकाळी पोटावर झोपून पॉइंट टू-टू रायफलनं कागदावर नेम धरायचा. कोपरं सोलवटायची आणि मला फार आवडायचं. माझा नेम चांगला होता. लग्नासाठी माझी माहिती लिहून दिली तेव्हा आईनं छंदांमध्ये भरतकाम लिहिलं, जे मला आजतागायत येत नाही, आणि नेमबाजी लिहिली नाही, जी येत होती. त्यानंतर नोकरी, लग्न, हा देश, मुलगी, मॉर्गेज, वेलिंग्टनची सकाळची ट्रेन. बंदूक हातात धरल्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

क्लब म्हणजे डोंगराच्या कुशीत मातीचे उंच बांध, पत्र्याची शेड आणि चहाची किटली. शेजारणीनं मला कान झाकायला हेडफोनसारखे मफ दिले, डोळ्यांवर चष्मा चढवला, क्लबचं एक पिस्तूल हातात दिलं आणि स्वतः माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मी पहिली गोळी मारली. आणि मला हसू फुटलं. ते साधं हसू नव्हतं. पोटातून उकळी यावी तसं येत राहिलं. तिथल्या रेंजवर लक्ष ठेवणाऱ्या गृहस्थांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं की पिस्तूल खाली ठेवा, मागे या, हसून घ्या, आणि झालं की परत या. मी मागे गेले, हसून घेतलं आणि परत आले.

“श्वास इतका रोखून धरू नकोस,” शेजारीण म्हणाली. “कोणी तुझा फोटो काढत नाहीये.”

त्या संध्याकाळी मी घरी येऊन नवऱ्याला एवढं सांगितलं, एवढं सांगितलं, की जेवण गार झालं. तो ऐकून म्हणाला, “म्हणजे तुला पिस्तूल हवंय.” मी म्हटलं, “नाही रे, असंच जाईन अधूनमधून.” तो म्हणाला, “बरं.” त्याला माझं सगळं माहीत असतं.

या देशात पिस्तूल मिळणं सोपं नाही. आधी बंदुकीचं लायसन्स, मग क्लबचं सभासदत्व, मग कित्येक महिने नियमित हजेरी, मग पिस्तुलासाठी वेगळी मंजुरी, भिंतीला बोल्टनं जखडलेली तिजोरी, आणि घरी येऊन तुमच्या नवऱ्याला प्रश्न विचारणाऱ्या बाई. काही वर्षांपूर्वी इथे मशिदींमध्ये जो गोळीबार झाला, त्यानंतर कायदे आणखी कडक झाले. ते झाले हे मला बरंच वाटतं. मलाही त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की पिस्तूल कशाला हवं? स्वतःच्या रक्षणासाठी, हे उत्तर इथे चालत नाही. माझ्या मनातही ते नव्हतं. मी म्हटलं, “मला खूप मजा येते.” त्यांनी ‘टार्गेट शूटिंग’ असं लिहिलं.

माझा मोठा भाऊ अमेरिकेत टेक्ससला असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तो खूश झाला.

“मस्त. मी तर कमरेला लावूनच बाहेर पडतो. शर्टाच्या आत. कुणाला कळतसुद्धा नाही. तू पर्समध्ये ठेव.”

“दादा, इथे पर्समध्ये ठेवून फिरलं तर मला तुरुंगात टाकतील.”

“मग गाडीत ठेव.”

“गाडीत ठेवूनही फिरता येत नाही. घरच्या तिजोरीतून क्लबात न्यायचं आणि क्लबातून तिजोरीत आणायचं. तेही कुलूप लावलेल्या पेटीतून.”

“मग घेतेस कशाला?”

“कागदाला भोकं पाडायला.”

“दाभण घे त्यापेक्षा,” तो म्हणाला. वहिनी मागून म्हणाली, “तिला घेऊ द्या हो काय घ्यायचं ते.”

मुलीला डनीडनला फोन केला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. “आई, दॅट इज सो रँडम,” ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळानं, “बट काइंडा कूल.” त्या ‘कूल’वर मी आठवडाभर तरंगत होते.

पिस्तूल मी आधी पाहून ठेवलं होतं. कामानिमित्त ऑकलंडला गेले तेव्हा शेजारणीनं पापाकुराच्या एका विक्रेत्याचा पत्ता दिला होता. घराच्या मागे त्याचं दुकान. आधी फोन करून वेळ घेतल्याशिवाय तो दार उघडत नाही. गोल पोटाचा म्हातारा, हाफ पँट, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. त्यानं काउंटरवर एक जाड कापड पसरलं आणि त्यावर एकसारखी काळी पिस्तुलं मांडली. युरोपातल्या कुठल्याशा देशाच्या पोलिसांनी नवी घेतली आणि ही जुनी विकून टाकली, म्हणाला. दर वेळी हात लावण्याआधी तो ती उघडून रिकामी असल्याचं दाखवत होता, मग मलाही तसंच बघायला लावत होता.

मी एकेक हातात घेऊन पाहिलं. क्लबची पिस्तुलं माझ्या हाताला मोठी होतात. दुसऱ्याची चप्पल घालून चालावं तसं होतं. चौथं की पाचवं हातात घेतलं आणि बोटं आपोआप जागच्या जागी बसली. नळीच्या टोकाशी काळा रंग उडून खालचं पोलाद चमकत होतं, रोज चामड्याच्या म्यानात घालून-काढून झिजलेलं.

“हे कुणाच्या तरी कमरेला वर्षानुवर्षं होतं,” म्हातारा म्हणाला. “पण आतून बघ. नवंच आहे. फिरलं भरपूर, चाललं कमी. मला अशीच आवडतात.”

मलाही तेच आवडलं. कुठल्यातरी थंड गावात कुणीतरी हवालदार हे कमरेला लावून रोज चौकात उभा राहिला, पाव घेऊन घरी गेला, आणि त्याला ते कधी काढावं लागलं नाही. असं मी आपलं ठरवून टाकलं. खरं काय ते कोण सांगणार?

लायसन्स असलं तरी नेमक्या त्याच एका पिस्तुलासाठी पोलिसांची वेगळी परवानगी काढावी लागते. ती यायला इथला डिसेंबरचा उन्हाळा उजाडला. विक्रेता म्हणाला, परवानगीनं कुरिअरची सोय होऊ शकते. मी नवऱ्याला तसं सांगितलं, तर तो वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाला, “नवी सून काय कुरिअरनं आणतात?”

मग आम्ही दोघांनी सोमवारची रजा टाकली आणि गाडीनं निघालो.

शनिवारी रात्री ऑकलंडच्या अवोन्डेल भागात त्याच्या जुन्या मित्राकडे राहिलो. रविवारी सकाळी तिथल्या बाजारात जाऊन आम्ही वेड्यासारखी भाजी घेतली. मेथी, शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, अळूची पानं. लोअर हटला हे असं ढिगानं मिळत नाही. सोमवारी सकाळी पापाकुराला पोचलो तेव्हा गाडीला मंडईचा वास होता. म्हाताऱ्यानं सगळं पुन्हा तपासलं, माझी सही घेतली, पिस्तूल पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. गोळ्या मी घेतल्याच नाहीत, त्या क्लबातूनच घ्यायच्या होत्या.

“नजरेआड ठेव. सरळ घरी जा,” तो मला म्हणाला. मग नवऱ्याकडे बोट दाखवून, “आणि जबाबदारी तुझी आहे. याची नाही.”

“स्वीट अ‍ॅज,” नवरा म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘एकदम बरं’. त्याला जबाबदारी नको असली की तो किवी होतो.

म्हाताऱ्याच्या वाक्याचा खरा अर्थ आम्हाला वाटेत टोकोरोआ गावाच्या अलीकडे कळला. मित्राच्या बायकोनं निघताना मोठे मग भरून चहा पाजला होता. मी म्हटलं, “कुठेतरी थांबव. मला जायचंय.”

“जा की. मी बसतो गाडीत.”

“तू नाही बसू शकत.”

“का?”

“तुझ्याकडे लायसन्स नाही. पिस्तुलाजवळ तुला एकट्याला सोडता येत नाही.”

त्यानं गाडीचा वेग कमी केला. “म्हणजे मला गाडीत बसायला लायसन्स पाहिजे? माझ्या गाडीत?”

“मग मी ते घेऊन जाते.”

“कुठे?”

“टॉयलेटला.”

मेथीखालून मी एक जाड कापडी पिशवी काढली. पुण्यातल्या एका साडीच्या दुकानाची, मरून रंगाची, वर सोनेरी अक्षरं. आई त्यातून लोणच्याच्या बरण्या पाठवायची, म्हणून तिचे बंद डबल शिवलेले होते. पेटी तिच्यात बरोबर मावली. मी पिशवी खांद्याला लावून, चेहरा होईल तितका साधा ठेवून रस्ता ओलांडला.

इथली काही सार्वजनिक टॉयलेट बोलतात. बटण दाबलं की दार सरकतं, मग एक पुरुषी आवाज सांगतो की दार बंद झालं आहे आणि ठरलेल्या वेळात बाहेर या. मग पियानो वाजायला लागतो. माझ्या खांद्याला बंद, मांडीवर पिस्तूल आणि साडीच्या दुकानाचं नाव, आणि वर पियानो. दादा टेक्ससला शर्टाखाली लपवून जे घेऊन फिरत होता, ते मी माझ्या पद्धतीनं घेऊन बसले होते. मला पुन्हा ती क्लबातल्यासारखी हसण्याची उकळी आली. बाहेर आले तर नवरा गाडीला टेकून उभा होता आणि माझं तोंड बघूनच हसायला लागला. काय झालं ते मी सांगितलंही नव्हतं.

तिथून पुढे आम्ही ताळ्यावर नव्हतो. टाउपोचं सरोवर लागलं, निळंशार, काठाकाठानं पोहायचे टॉग्स घालून पळणारी मुलं. नवरा म्हणाला, “उतरायचं का पाण्यात?” मी म्हटलं, “पिशवी घेऊन?” यावर आम्ही तुरांगीपर्यंत हसलो. डेझर्ट रोडवर डोंगरावर अजून थोडं बर्फ होतं. एरवी तिथे आम्ही गप्प बसतो, त्या दिवशी तो गाणी म्हणत होता. त्याला एकाही गाण्याचं दुसरं कडवं येत नाही, त्यामुळे सगळ्या गाण्यांची पहिली कडवी झाली.

ताइहापेला भुकेनं थांबावंच लागलं. तो कॅफेत पाय, म्हणजे सारण भरलेली इथली पेस्ट्री, आणायला गेला आणि मी बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. समोर लांबच्या प्रवासाची बस थांबली होती, माणसं उतरून हातपाय मोकळे करत होती. आणि त्या माणसांतून आमच्या मंडळातल्या काकू आल्या.

वेलिंग्टनच्या मराठी मंडळात या काकूंना ओळखत नाही असा माणूस नाही. मुलाकडे राहतात, सगळ्यांच्या घरी जातात, सगळ्यांचं सगळं विचारतात. पाठोपाठ काका होते, हळूहळू, कानाचं मशीन खिशात ठेवून.

“अगं, तू इथे कशी? एकटीच?” काकू माझ्या शेजारी बसल्यासुद्धा. “आम्ही ऑकलंडला भाचीकडे चाललोय. तू कुठून?”

“ऑकलंडहूनच येतोय, काकू. तो आत आहे, खायला आणायला गेलाय.”

“आणि हे काय घेऊन बसलीस मांडीवर? ठेव की खाली.” त्यांनी पिशवीचा बंद धरून उचलून पाहिला. मी पिशवी घट्ट धरली. “बाई, केवढी जड आहे. खलबत्ता आणलास की काय?”

आता मी काहीही सांगू शकले असते. हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सकाळपासून माझ्या अंगात वारं शिरलं होतं.

“पिस्तूल आहे, काकू.”

काकू इतक्या हसल्या की त्यांना डोळ्यांचा चष्मा काढावा लागला. “अहो, ऐकलंत का? ही म्हणते, पिशवीत पिस्तूल आहे.”

“पुस्तक?” काका म्हणाले. “कुठलं?”

“पुस्तक नाही हो. पिस्तूल.”

“वाचून झालं की मला दे,” काका मला म्हणाले. “भाचीकडे काही वाचायला नसतं.”

तेवढ्यात नवरा दोन पाय घेऊन बाहेर आला. त्यानं शेवटची दोन वाक्यं ऐकली होती. त्यानं काकांना वाकून नमस्कार केला आणि पुढचा बराच वेळ तो पायचा एकच घास चघळत रस्त्याच्या पलीकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

“तुझी बायको फार विनोदी झालीय हं,” काकू त्याला म्हणाल्या. “मुलगी गेली म्हणून तोंड पाडून बसली असेल असं मला वाटत होतं. बरं वाटलं बाई बघून.” त्यांनी आपल्या पर्समधून शंकरपाळ्यांचा डबा काढला. “हे घ्या. भाचीला दुसरा डबा आहे. जागा आहे ना गं पिशवीत?” आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तो डबा पिस्तुलाच्या पेटीवर ठेवून, वरून दोनदा थोपटला. मग बसचा ड्रायव्हर हाक मारायला लागला आणि काकू काकांचा दंड धरून निघून गेल्या. खिडकीतून हात हलवत राहिल्या. आम्हीही हलवत राहिलो.

गाडीत बसल्यावर त्यानं पट्टा लावला, गाडी सुरू केली. मग तो म्हणाला, “वाचून झालं की मला दे.”

मांगावेकाच्या चढावर त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्याला दिसत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. मागून एक दुधाचा टँकर भोंगा वाजवत गेला. आम्ही तिथे बसून शंकरपाळे खाल्ले, खाली नदी, समोर पांढरे कडे, आणि तो म्हणाला, “आपण किती दिवसांत असे कुठे गेलो नव्हतो गं.” मी म्हटलं, “पिस्तूल असल्याशिवाय तू नेतच नाहीस.” हे वाक्य मी त्या पोलीस बाईंसमोर बोलले नाही हे नशीब.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. मी चप्पलही न काढता सरळ खोलीत गेले. तिजोरी माझ्या साड्यांच्या कपाटात आहे, कारण तिथलीच भिंत त्या बोल्टांना पुरेशी भक्कम निघाली. पैठण्या बाजूला करून मी पेटी आत ठेवली, कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. नवरा दारात मेथीच्या जुड्या घेऊन उभा होता. “झालं का सुनेचं माप ओलांडून?” त्यानं विचारलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून ढीगभर मेथी निवडली. इथले लोक म्हणतात तसं, हीप्स.

पहिल्या शनिवारी तो क्लबात बघायला आला. शेजारीण डेलियाची फुलं घेऊन आली होती, पिस्तुलासाठी, म्हणाली. सगळे माझ्या मागे उभे. आणि मी काय करावं? पहिल्या सगळ्या गोळ्या खाली डावीकडे. कागदाच्या मधल्या काळ्या गोलाला एकही नाही. क्लबच्या हलक्या घोड्याची सवय झालेलं माझं बोट, आणि हा पोलिसांचा घोडा जड. चुकून सुटू नये म्हणूनच तसा केलेला. इतकी वाट पाहून, इतका रस्ता तुडवून आणलं आणि हे काय? मला खरंच रडू येईल असं वाटलं.

“ते तुला ओळखत नाही अजून,” शेजारीण म्हणाली. “ओढू नकोस. लिंबू पिळतात ना, शेवटचा थेंब, तसं दाब.”

मी तसं दाबत राहिले. तासाभरानं भोकं हळूहळू वर सरकायला लागली. एक काळ्या गोलाच्या कडेला. मग एक आत. ते आतलं मी दुर्बिणीतून पाहिलं, नवऱ्याला दाखवलं, शेजारणीला दाखवलं, रेंजवर लक्ष ठेवणाऱ्या गृहस्थांनाही बोलावून दाखवलं. त्यांनी ते आधीच पाहिलं होतं, पण पुन्हा पाहिलं. तो कागद मी घरी आणून फ्रिजवर लावला. मुलीला फोटो पाठवला. तिनं उत्तरात फक्त एक आग ओकणारा ड्रॅगन पाठवला.

फेब्रुवारीत मंडळाचं हळदीकुंकू होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी आत शिरते तोवर काकूंची ताइहापेची गोष्ट सगळ्यांना सांगून झाली होती. “हिच्या पिशवीत पिस्तूल असतं हं, जपून,” असं म्हणत त्या मला वाण देत होत्या आणि बायका हसत होत्या.

“खरंच होतं, काकू,” मी म्हटलं. “पोलिसांनी विकलेलं. मी क्लबात जाते.”

“पुरे गं आता,” काकू म्हणाल्या. “एकदा हसले मी.”

मी आणखी काही बोलले असते तर विनोद ताणल्यासारखं झालं असतं. म्हणून तिळगूळ खाल्ला.

निघताना चपला शोधत होते. तिथे एक जण माझ्याजवळ आली. पापण्याही न हलवता बोलणारी, शांत बाई. हॉस्पिटलात एक्स-रे काढते. मंडळात आम्ही एकमेकींना नुसतं हसून ओळख दाखवायचो. तिनं इकडे-तिकडे बघितलं.

“खरंच आहे ना?”

“हो.”

“मला यायचंय. बघायला तरी.”

पुढच्या शनिवारी शेजारीण आणि मी तिला न्यायला गेलो. पाऊस आडवा पडत होता, पत्र्याच्या शेडवर इतका आवाज की कान झाकल्यावर उलट बरं वाटलं. शेजारणीनं तिला उभं कसं राहायचं ते दाखवलं, मी माझं पिस्तूल रिकामं असल्याचं तिला दाखवून हातात दिलं आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. मग गोळ्या भरल्या. तिनं एकेक करून सगळ्या शांतपणे मारल्या. कुठे लागल्या ते बघितलंही नाही. शिकवल्याप्रमाणे पिस्तूल खाली ठेवलं, मागे सरकली, आणि माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली,

“अजून आहेत का?”